शेतावरील दुरुस्तीसाठी वापरलेले वेल्डिंग यंत्र घेताना

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वापसा आला म्हणजे वाशीम जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पेरणीसाठी हाती लागणारे दिवस मोजकेच असतात. अशा वेळी पेरणी यंत्राच्या चौकटीचा सांधा सुटला किंवा कल्टिव्हेटरच्या फणाचा कान तुटला, तर ते अवजार ट्रॉलीत घालून कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर येथील दुकानापर्यंत न्यावे लागते. तेथे आधी आलेल्यांची कामे उरकेपर्यंत थांबावे लागते. काम दहा मिनिटांचे असते. दिवस मात्र पुरा जातो, आणि त्याच रात्री पुन्हा पाऊस आला तर वापसा येईपर्यंत पेरणी लांबते. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीच्या वेळीही हाच अनुभव येतो. यास्तव आपल्या घरी एक लहानसे वेल्डिंग यंत्र असावे असे पुष्कळ शेतकऱ्यांना वाटू लागले आहे, आणि नव्यापेक्षा वापरलेले यंत्र स्वस्तात मिळेल या हिशेबाने ते जुन्या यंत्राच्या शोधात असतात.

वापरलेले यंत्र घेण्यात गैर असे काहीच नाही. रॉडने करावयाच्या विद्युत् वेल्डिंगचे तत्त्व जुने आहे. ज्यावर लेप दिला आहे असा रॉड स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार केला. तेव्हापासून रॉडची टोके आणि तुकडा यांमधील ठिणगीच्या उष्णतेने धातू वितळवावयाचा, ही रीत बदललेली नाही. आपल्याकडे १९५१ साली मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी स्थापन झाली व वेल्डिंगचे साहित्य देशातच मिळू लागले. गुंडाळी व लोखंडी गाभा एवढ्यावरच चालणाऱ्या जुन्या यंत्रात झिजणारे भाग थोडे असतात, आणि नीट ठेवलेले यंत्र दोन-दोन मालकांच्या हाताखालून गेल्यावरही उत्तम काम देते.

तथापि असे यंत्र घरी आणल्यावर ते चालतच नाही, रॉड चिकटतो, घरातील दिवे मंद होतात किंवा फ्यूज उडतो, अशा तक्रारी वारंवार ऐकू येतात. पुष्कळदा यंत्र निर्दोषच असते. दोष असतो तो खरेदीच्या क्रमात. यंत्र पाहावयास जाण्यापूर्वी शेतकऱ्याने दोन गोष्टी घरीच निश्चित करावयास हव्यात: आपले काम कोणते, आणि आपल्या फलकावर येणारी वीज किती. या दोन्हींची उत्तरे हाती असतील तर बाजारातील निम्मी यंत्रे पाहण्याचे कारणच उरत नाही.

कामाप्रमाणे यंत्र

शेतावरील वेल्डिंग बहुतांशी साध्या मऊ पोलादाचे असते. पेरणी यंत्राची चौकट, डवऱ्याचा व वखराचा सांगाडा, ट्रॉलीचे फळके, गोठ्याचे फाटक, पाण्याच्या टाकीचा घोडा ही कामे ३ ते ८ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, कोन आणि नळ्या यांची असतात. अशा कामास २.५ व ३.१५ मिलिमीटर जाडीचे रॉड पुरतात. पहिल्यास साधारण ६० ते ९० आणि दुसऱ्यास ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. ४ मिलिमीटरचा रॉड १४० ते १८० अँपिअर घेतो. घरच्या कामात त्याची गरज क्वचितच पडते. म्हणजे जे यंत्र खरोखर १५० ते १६० अँपिअर प्रवाह देऊ शकते ते शेतकऱ्यास पुरे आहे.

मोठे यंत्र घेतले की लहान काम त्यात आपोआप येतेच, हा समज बरोबर नाही. तीनशे-चारशे अँपिअरच्या यंत्राचा सर्वांत खालचा टप्पाच बहुधा पातळ पत्र्यास जास्त होतो व पत्र्यास भोके पडतात. शिवाय त्यास वीज जास्त लागते, आणि ते हलवावयास चार माणसे लागतात.

यंत्रावर प्रवाहाच्या आकड्याशेजारी टक्केवारीचा एक आकडा लिहिलेला असतो. त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे यंत्र त्या प्रवाहावर सतत चालू शकते हे तो दाखवितो. १६० अँपिअर व २० टक्के असे लिहिले असेल, तर १६० अँपिअरवर दोन मिनिटे काम व आठ मिनिटे विश्रांती असा त्याचा अर्थ होतो. प्रवाह कमी केला की ही मुदत वाढते. हेच यंत्र ११० अँपिअरवर दहांपैकी सुमारे चार मिनिटे चालेल. ३.१५ मिलिमीटरचा एक रॉड जळावयास साधारण एक ते सव्वा मिनिट लागते. त्यानंतर खपली झोडणे, सांधा पाहणे, दुसरा तुकडा धरणे यांत वेळ जातोच. म्हणजे दहा मिनिटांत तीन रॉड. घरच्या दुरुस्तीस एवढे पुरे होते. दिवसभर फाटके बनविणाऱ्या दुकानदारास हे यंत्र पुरणार नाही. त्याने ६० टक्क्यांचेच घ्यावे. आपण दुकान मांडावयाचे नाही हे शेतकऱ्याने लक्षात ठेवले म्हणजे त्याचे बरेच पैसे वाचतात.

काही कामे यंत्र कितीही चांगले असले तरी घरी करू नयेत. रोटाव्हेटरची पाती कठीण केलेल्या पोलादाची असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचा भाग ठिसूळ होतो व चालत्या यंत्रातून पात्याचा तुकडा सुटून फेकला जाण्याचा संभव असतो. अशी पाती बोल्ट सोडून नवीनच बसवावीत. कमानीचे पाटे, ट्रॉलीचा आस, ट्रॅक्टरची ओढदांडी, सुकाणूचे दांडे यांनाही हाच नियम लागू करावा. मळणी यंत्राच्या फिरत्या ड्रमवर एका बाजूस वेल्डिंगचा भार पडला तर तो तोल सोडून फिरतो व धारवे खातो. डिझेलची टाकी, तेलाची पिंपे आणि कीटकनाशकांचे डबे धुऊन कोरडे दिसत असले तरी त्यांना रॉड लावू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

फलकावरील विजेचा हिशेब

आता विजेकडे वळू. ३.१५ मिलिमीटरचा रॉड ११० अँपिअरवर जाळावयाचा आहे असे धरू. साधे रोहित्र पद्धतीचे यंत्र, ज्याचा रिकाम्या वेळचा दाब ८० व्होल्ट आहे, त्या वेळी सुमारे ८.८ के.व्ही.ए. भार घेते. हे यंत्र दोन फेजवर म्हणजे ४१५ व्होल्टवर जोडले तर तारेतून सुमारे २१ अँपिअर जातात. तेच २३० व्होल्टच्या एकफेजी पुरवठ्यावर चालणारे असेल तर सुमारे ३८ अँपिअर. घरातील दिवे, पंखे व पाण्याची लहान मोटर यांसाठी घातलेल्या वायरिंगमधून ३८ अँपिअर नेणे म्हणजे भिंतीत विस्तव ठेवणे होय. उलट इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र तेवढ्याच कामास २३० व्होल्टवर साधारण २० अँपिअर घेते. या एका फरकामुळेच खेड्यातील एकफेजी घरासाठी निवड जवळजवळ ठरून जाते.

येथे कोणी म्हणेल की शेतात तीन फेजची लाइन आहे, यंत्र तेथे लावू. पाच अश्वशक्तीची मोटर प्रत्येक फेजमधून सुमारे ७ ते ८ अँपिअर घेते. वेल्डिंगचे यंत्र दोनच फेजवर २१ अँपिअरचा झटका देते. तिसरा फेज मोकळा राहतो. गावात ज्यास डीपी म्हणतात त्या रोहित्रावर असा असमान भार पडला म्हणजे शेजाऱ्याच्या मोटरीसही त्रास पोहोचतो. तीन फेजचा पुरवठाही ठराविक तासच असतो, आणि अवजार मोडते तेव्हा वीज असेलच असे नाही. त्याहून महत्त्वाचे हे की कृषिपंपाची जोडणी पंपासाठीच मंजूर झालेली असते. ती दुसऱ्या कामास वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो व त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. तारेवर आकडा टाकून यंत्र चालविण्याविषयी तर बोलावयासच नको. घरगुती जोडणीवर यंत्र लावावयाचे असल्यास महावितरणच्या कार्यालयात जाऊन मंजूर भार वाढवून घ्यावा. मजुरी घेऊन दुसऱ्यांची कामे करावयाची असतील तर जोडणीचा वर्गही बदलतो, हे आधीच विचारून घ्यावे.

पुरवठा पुरेसा असला तरी फलकापासून शेडपर्यंतची तार तपासावी लागते. हे अंतर ५० मीटर असून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली असेल, तर २० अँपिअर प्रवाहास जाता-येता सुमारे २४ व्होल्ट तारेतच खर्च होतात. संध्याकाळी मुळातच २०० व्होल्ट येत असतील तर यंत्राच्या वाट्यास १७६ उरतात. मग रॉड चिकटतो आणि दोष यंत्रास दिला जातो. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची असेल तर घट सुमारे ९ व्होल्टच होते. खरेदीपूर्वी एक दिवस सकाळी, दुपारी व संध्याकाळी शेडमधील दाब मोजून वहीत लिहून ठेवावा. वायरमनकडे मीटर असतोच.

कोणत्या प्रकारचे यंत्र

जुन्या बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. तेलात बुडविलेले किंवा हवेने थंड होणारे रोहित्र यंत्र हा पहिला. हे दणकट, दुरुस्तीस सोपे, पण जड असते व पुष्कळ वीज ओढते. ज्याच्याकडे योग्य वर्गाची तीन फेजची जोडणी आहे किंवा जो अवजार बँक चालविणाऱ्या गटाचा सभासद आहे, त्याच्यासाठी हे यंत्र चांगले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीम जिल्ह्याचा समावेश झाला, आणि अशा प्रकल्पांतून जेथे अवजार बँका उभ्या राहिल्या आहेत तेथे गटाने मिळून एक यंत्र ठेवणे हे दहा घरी दहा यंत्रे ठेवण्यापेक्षा शहाणपणाचे ठरेल.

दुसरा प्रकार रेक्टिफायरचा. हे एकदिश प्रवाह देते. ठिणगी शांत असते आणि कमी हायड्रोजनचे ई ७०१८ सारखे रॉड त्यावर चांगले जळतात. परंतु हे रॉड वापरण्यापूर्वी ३०० अंशांहून अधिक तापमानावर भट्टीत भाजावे लागतात. ती सोय शेतकऱ्याच्या घरी नसते. त्यामुळे केवळ या एका गुणासाठी जास्त किंमत मोजण्याचे कारण नाही. आय. एस. ८१४ या भारतीय मानकाचे चिन्ह असलेला ई ६०१३ वर्गाचा साधा रॉड आपल्या कामास पुरतो, आणि तो तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालतो.

इन्व्हर्टर यंत्र हा तिसरा प्रकार. पाच ते दहा किलो वजनाचे, खांद्यास अडकवून बांधावर नेता येणारे हे यंत्र एकफेजी घरासाठी सर्वांत सोयीचे, यात शंका नाही. मात्र वापरलेले घेताना याच प्रकारात फसगत अधिक होते. आतील पट्टी एकदा जळून दुरुस्त झालेली असली तरी बाहेरून काहीच दिसत नाही. सोयाबीनच्या कुटाराची धूळ, कापसाचे तंतू आणि ग्राइंडरचा लोखंडी कीस पंख्यावाटे आत जाऊन बसतो. पाली व मुंग्या आत घर करतात. दाबाच्या चढउताराने आतील भाग जळतात. गावात त्याची दुरुस्ती होत नाही. वाशीम किंवा अकोला येथे न्यावे लागते. नव्या लहान इन्व्हर्टर यंत्रांच्या किमती गेल्या काही वर्षांत बऱ्याच उतरल्या आहेत. म्हणून जुन्याची किंमत नव्याच्या निम्म्याहून अधिक सांगितली जात असेल, तर हमीपत्रासह नवेच घ्यावे असे आमचे मत आहे. रोहित्र यंत्रास हे प्रमाण लागू नाही. त्यात तांब्याचीच किंमत मोठी असते.

या तिन्हींखेरीज गावठी रीतीने बनविलेली यंत्रे कधी कधी विकावयास येतात. मिठाच्या पाण्याच्या बादलीतून प्रवाह नेऊन वेल्डिंग करण्याचे प्रयोगही काही लोक करतात. त्यात मुख्य लाइन आणि हातातील होल्डर यांमध्ये कोणतीही फारकत नसते. पाण्याने भिजलेल्या माणसास ते तत्काळ प्राणघातक होते.

प्रत्यक्ष तपासणी

यंत्र पाहावयास दिवसा जावे, आणि विक्रेत्यास आधी कळवून ठेवावे की ते आपण चालवून पाहणार आहोत. चालवून दाखविण्यास जो नकार देतो त्याच्याकडून घेऊ नये. वीज नाही, लाइन बंद आहे, ही सबब असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वेल्डरचा अभ्यासक्रम केलेला एखादा तरुण किंवा ओळखीचा कारागीर बरोबर असल्यास उत्तम.

प्रथम नामपट्टी वाचावी. पुरवठ्याचा दाब, फेज, प्रवाहाची मर्यादा, टक्केवारी आणि रिकाम्या वेळचा दाब हे पाच आकडे वहीत उतरवून घ्यावेत. नामपट्टी उपटलेली असेल तर ते यंत्र भंगाराच्या भावानेच मागावे. मोठ्या बांधकामावरून आलेले यंत्र असल्यास ते रात्रंदिवस चालले असणार हे गृहीत धरावे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आहे. अशा कामांवर यंत्रास विश्रांती मिळत नाही.

त्यानंतर बाहेरून पाहावे. रॉडची व परतीची केबल जेथे जोडतात तेथील खिळे काळे पडले आहेत का, बोल्टखालील पितळ वितळल्यासारखे आहे का, प्रवाह बदलण्याची खुंटी किंवा चाक सहज फिरते का, याकडे लक्ष द्यावे. गुंडाळी तांब्याची आहे असे विक्रेता सांगतो. जोडणीच्या टोकाशी तार किंचित खरवडून लाल रंग दिसतो की पांढरा ते पाहावे. ॲल्युमिनिअमची गुंडाळी म्हणजे यंत्र वाईट असे नाही. तिचे सांधे मात्र लवकर ढिले पडतात, आणि तांब्याच्या किमतीत ॲल्युमिनिअम घेणे योग्य नव्हे.

यापुढील चाचणी जिवाशी संबंधित आहे. यंत्राचा प्लग पूर्णपणे काढून, लाइन जोडण्याची टोके व होल्डरची टोके यांमध्ये मल्टिमीटर लावावा. काटा हलला किंवा मीटर वाजला तर त्या यंत्रात दोन गुंडाळ्या वेगळ्या नाहीत, अथवा त्यांमधील आवरण फुटले आहे. असे यंत्र फुकट मिळाले तरी घरी आणू नये. रोहित्र यंत्रावर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करून घ्यावी. पुरवठ्याची गुंडाळी व वेल्डिंगची गुंडाळी यांमध्ये निदान ५ मेगओहम, आणि प्रत्येक गुंडाळी व बाहेरील पत्रा यांमध्ये निदान २.५ मेगओहम रोध असावा. पावसाळ्यात ओलीमुळे आकडा कमी येतो. यंत्र उन्हात वाळवून पुन्हा मोजता येते. इन्व्हर्टर यंत्रास मात्र मेगर सरसकट लावू नये, आतील नाजूक भाग जळतात.

मग यंत्र रिकामे चालवून पाहावे. होल्डर व परतीची केबल यांमधील दाब मोजावा. रोहित्र यंत्रात तो ७० ते ८० व्होल्टच्या दरम्यान येतो. नामपट्टीपेक्षा बराच कमी आला तर गुंडाळीचे काही फेरे एकमेकांस चिकटलेले असण्याचा संभव असतो. ८० च्या वर गेला तर यंत्र टाळावे. घामाने भिजलेल्या हाताला तो दाब धोक्याचा आहे. दहा मिनिटे नुसते चालू ठेवून गुणगुण वाढते का, जळकट वास येतो का, हे पाहावे.

शेवटी प्रत्यक्ष रॉड जाळावा, आणि येथेच बहुतेक जण घाई करतात. विक्रेता एक रॉड अर्धा जाळून दाखवितो. थंड यंत्र एक रॉड जाळतेच. आपण घरून ३.१५ मिलिमीटरचे दहा कोरडे रॉड बरोबर न्यावेत आणि ६ मिलिमीटरच्या पट्टीवर, रॉड बदलण्यास लागेल तेवढीच उसंत देऊन, ते एकामागून एक जाळावेत. विश्रांतीचे प्रमाण कमी असलेले लहान इन्व्हर्टर यंत्र मध्येच दिवा लावून थांबेल. तो त्याचा दोष नसून संरक्षण आहे. किती रॉडनंतर थांबले आणि किती मिनिटांनी पुन्हा चालू झाले एवढे लिहून ठेवावे, व नामपट्टीवरील टक्केवारीशी ताडून पाहावे. पहिल्या आणि शेवटच्या रॉडच्या ठिणगीत फरक पडला तर यंत्र तापून मान टाकते असे समजावे. दोन मिलिमीटर जाडीच्या नळीवर २.५ मिलिमीटरचा रॉडही जाळून पाहावा. बारीक कामात खालच्या टप्प्याची खरी परीक्षा होते. या वेळी टाँग टेस्टरने प्रवाह मोजता आला तर फारच चांगले. मात्र इन्व्हर्टरसाठी एकदिश प्रवाह मोजणारा टेस्टरच हवा, साधा चालत नाही. आवरणावर २०० किंवा २५० असा ठळक आकडा रंगविलेला असतो, पण यंत्र तेवढा प्रवाह देत नाही, असेही आढळते. आपणास १३० अँपिअर खरे मिळाले तर रंगविलेल्या आकड्याशी काही कर्तव्य नाही. काम संपताच लाइन बंद करून जोडणीच्या खिळ्यांजवळ हात नेऊन पाहावे. एकच टोक जास्त तापले असेल तर तो सांधा ढिला आहे. ही दुरुस्ती सोपी असून किंमत कमी करण्यास ते चांगले कारण आहे.

तेलाच्या यंत्राविषयी दोन शब्द अधिक. टाकीच्या सांध्यांवर व तळाशी ओलसर काळी धूळ चिकटलेली असेल तर तेल झिरपते असे जाणावे. झाकण काढून तेलाची पातळी, रंग व वास पाहावा. काळेभोर, जळका वास येणारे तेल म्हणजे यंत्र पुष्कळ तापविले गेले आहे. तळाचे थोडे तेल काढून त्याचे एक-दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर दुरून टाकावेत; तडतड आवाज झाल्यास त्यात पाणी आहे. पाणी शिरलेले तेल बदलावे लागते, आणि तो खर्च किमतीत धरावा. काढलेले जुने तेल विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नये. सांधेदुखीवर हे तेल चोळण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती अपायकारक आहे.

किंमत ठरविताना केबल, होल्डर, परतीचा चिमटा आणि तोंडावरची काच बरोबर आहेत का ते विचारावे. चांगली तांब्याची केबल स्वस्त नाही. नुसते यंत्र स्वस्तात घेऊन केबलीसाठी पुन्हा खर्च करणारे अनेक आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ खरेदीस बरा. मे अखेरीस सर्वांनाच यंत्र हवे असते. विक्रेत्याकडून यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेली सहीची पावती अवश्य घ्यावी.

जोडणी व जपणूक

यंत्रासाठी फलकापासून स्वतंत्र तार, योग्य क्षमतेचा एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. हा स्विच लाइनच्या बाजूचे रक्षण करतो. होल्डरकडील बाजूचे करीत नाही. तेथे कोरडे हातमोजे, कोरडे जोडे आणि पायाखाली कोरडी फळी हेच रक्षण. येथे शब्दाचा एक घोटाळा नेहमी होतो. कारागीर परतीच्या चिमट्यास अर्थिंग म्हणतात. तो चिमटा लावला म्हणजे यंत्राचे अर्थिंग झाले असे नव्हे. यंत्राच्या पत्र्याचे अर्थिंग वेगळ्या तारेने, खड्ड्यातील पट्टीशी करावे लागते. परतीचा चिमटा कामाच्या तुकड्यावरच, सांध्याच्या जवळ लावावा. बोअरच्या नळीस किंवा गोठ्याच्या खांबास लावून काम भागवू नये. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करताना आधी बॅटरीची तार सोडावी.

पावसात, चिखलात उभे राहून वेल्डिंग करू नये. पेरणीच्या घाईत हा मोह नेमका त्याच दिवसांत होतो. काही इन्व्हर्टर यंत्रांत व्ही.आर.डी. नावाची सोय असते. ती काम थांबताच होल्डरवरील दाब पुष्कळ खाली आणते. दोन यंत्रे सारखीच असतील तर ही सोय असलेले घ्यावे. सोयाबीनच्या सुडीपासून, कुटाराच्या ढिगापासून व गोठ्यातील कडब्यापासून निदान ११ मीटर दूर काम करावे, पाण्याची बादली भरून ठेवावी आणि काम संपल्यावर अर्धा तास तेथेच लक्ष ठेवावे. उडालेली ठिणगी कुटारात धुमसत राहते व माणसे जेवावयास गेल्यावर पेट घेते. काच १० किंवा ११ क्रमांकाची असावी. बघावयास जमणारी मुले दूर ठेवावीत; त्यांचे डोळे त्या रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीवर काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, धूर तोंडावर येणार नाही अशा बेताने करावे.

मळणी आटोपली म्हणजे इन्व्हर्टर यंत्राचे आवरण वायरमनकडून उघडून कोरड्या, हलक्या हवेने आतील धूळ काढावी. प्लग काढल्यावरही आतील भागांत काही काळ वीज साठून राहते, म्हणून ते आपण स्वतः उघडू नये. रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून जवळ पण धुरापासून दूर, उंचावर ठेवावेत. यंत्रावर पोते टाकून ते शेडच्या कोपऱ्यात ठेवण्याची रीत आहे. त्याऐवजी ते जमिनीपासून हातभर उंच फळीवर, भिंतीपासून सुटे ठेवावे, म्हणजे खालून ओल येत नाही आणि उंदीर केबल कुरतडीत नाहीत.